जुना प्लग घेऊन या

सकाळी साडेनऊ. जालना रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत आमचं स्पेअर पार्टचं दुकान. शटर वर जायच्या आधीच पायरीवर एखादा रिक्षावाला बसलेला असतो. शाळेची पोरं सोडून झाली, आता धंद्याची वेळ, आणि रिक्षा झटके देतेय. "भाई, प्लग दे दो, सस्तेवाला." सीएनजी का, एवढंच मी विचारतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. टोक झिजून गॅप वाढला की कॉइलवर ताण येतो, आणि प्लगमध्ये वाचवलेले पैसे कॉइलमध्ये जातात. गंमत अशी, की सीएनजीत काजळी फारशी धरत नाही. जुना प्लग दिसायला चकचकीत, म्हणून मालकाला वाटतं अजून चालेल. मी फीलर गेजची पट्टी गॅपमध्ये सरकवतो. ती ढिली फिरली की त्याचं त्यालाच कळतं.

अकरा. गॅरेजची पोरं येऊ लागतात. "उस्तादने मारुतीचा प्लग मागितलाय." अरे, पण कुठल्या मारुतीचा? काउंटरवरचा अर्धा वेळ इथेच जातो. म्हणून आम्ही जुना प्लगच मागतो, त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर नंबर छापलेला असतो. समजा बीपीआर६ईएस. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही गरमाई, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. बीकेआर६ई घेतला तर आटे तेच, लांबीही तीच, पण डोकं बारीक: पहिल्याला २१ नंबरचा पाना लागतो, दुसऱ्याला १६चा. मागे -११ असेल तर गॅप १.१ मिलिमीटर.

लांबी चुकली की खरा घोळ. १९च्या जागी आखूड प्लग बसतो, गाडी चालतेही. पण उघड्या राहिलेल्या आट्यांत कार्बन भरतो, आणि पुढे बरोबर प्लग आणला तरी तो आत जात नाही. आखूडच्या जागी लांब लावला तर पिस्टनशी गाठ.

कंपनी बदलली की गरमाईचा आकडा उलटतो, हे पोरांना दर आठवड्याला सांगावं लागतं. एनजीकेत आकडा मोठा तर प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तर गरम. त्या बीपीआर६ईएसच्या जागी बॉशचा डब्ल्यूआर७डीसी चालतो, चॅम्पियनचा आरएन९वायसी चालतो. ६, ७ आणि ९, काम एकच. जुने मेस्त्री अजून बॉशला मायकोच म्हणतात. १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली मायको २००८ साली कागदावर बॉश झाली, त्यांच्या तोंडी नाही.

साडेबारा. उन्हाळ्यात पारा बेचाळिशीला टेकला की हमखास येणारं गिऱ्हाईक: "कन्नडचा घाट चढायचाय, ठंडा प्लग द्या." बाहेरच्या उन्हाशी प्लगला फारसं देणंघेणं नाही. त्याचं टोक चालू इंजिनात साधारण ५०० ते ८०० अंशांत राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळत नाही. फार वर गेलं तर टोकच निखारा होतं आणि ठिणगीआधी मिश्रण पेटवतं. कंपनीने नंबर देताना घाटाचा विचार केलेला असतो. एक दिवस घाट चढून उरलेलं वर्षभर सिडको ते क्रांती चौक करणाऱ्या गाडीत थंड प्लग काळाच होणार. पटतं काहींना. काही जण पुढच्या दुकानात जातात.

दोन. डबा.

तीन. इरिडियमवाले. शेंद्र्यात २००१पासून स्कोडा बनते, त्यामुळे या गावात ती गाडी जरा जास्तच आपली. टर्बो गाडीवाला कधीकधी साधा प्लग मागतो आणि जुन्या मारुती ८००वाला इरिडियम. दोघांनाही मी उलट सल्ला देतो. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ला. म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, आणि ते झिजतही सावकाश. कंपनीने इरिडियम दिला असेल तर तोच घ्या. पण अ‍ॅव्हरेज वाढेल या आशेने ८००च्या तिन्ही प्लगना तिप्पट-चौपट पैसे घालू नका. आणि त्या टोकावर फीलर गेज दामटू नका, तुटतं.

पाच. डुप्लिकेट. कुणीतरी बाहेरून स्वस्तात आणलेला डबा दाखवायला येतो. मी आधी वॉशर ओढून पाहतो. अस्सल प्लगचा सहज सुटत नाही. मग नखाने छपाई खरवडायची, आणि मधलं टोक वरच्या वाकड्या टोकाच्या बरोबर खाली आहे का, ते उजेडात पाहायचं. शेजारी अस्सल ठेवला की फार बोलावं लागत नाही.

सहानंतर शेजारच्या गॅरेजात डोकावतो. मिसिंग करणारी एक हॅचबॅक, चारही प्लग फडक्यावर ओळीने मांडलेले. तीन फिकट तपकिरी, चहात बुडवून काढल्यासारखे. चौथा काळा, आणि ओला. मेस्त्रीने बोट फिरवलं. कोरडी काजळी पावडरीसारखी हाताला लागते. ही बोटाला चिकटली. म्हणजे ऑइल. व्हॉल्व्ह सील तरी गेलंय नाहीतर रिंगा. मालक म्हणाला, "नवा प्लग टाकून बघू ना." मेस्त्री म्हणाला, "टाकतो, पण महिनाभरात हाच रंग येईल." त्याने आधी कॉम्प्रेशन बघायचं ठरवलं, माझी चार प्लगची विक्री बुडाली, पण काम बरोबर. उरलेले तीन त्याने गार इंजिनात हाताने फिरवत बसवले. पाना लागला तो शेवटच्या जेमतेम फेऱ्याला. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये पहिल्यापासून पाना मारणाऱ्याला तो गॅरेजात ठेवत नाही.

साडेआठ. शटर अर्धं खाली, तेवढ्यात फोन. सकाळी गाडी लवकर उचलत नाही, उद्यासाठी चार स्पार्क प्लग काढून ठेवा. गाडीचं नाव सांगितलं, मॉडेल सांगितलं.

"पेट्रोल ना?"

"नाही, डिझेल."

"मग त्यात स्पार्क प्लग नसतो हो, काका. हीटर प्लग असतो. आणि तोही बॅटरी चेक करून आल्यावर घ्या."