हालखाता आणि ३१ मार्च
कोलकात्याच्या सियालदह स्थानकालगत बैठकखाना बाजार आहे. बंगाली व्यापारी एप्रिलच्या मध्यास, नववर्षदिनी, लक्ष्मी-गणेशाचे पूजन करून ‘हालखाता’ ही नवी वही उघडतात. गिऱ्हाईक जुनी बाकी फेडून मिठाई घेऊन जाते. आपल्याकडे वहीपूजन दिवाळीत होते. सरकारी वर्ष मात्र १८६७ पासून ३१ मार्चलाच संपते. माल विकताच रक्कम जमा धरणाऱ्या दुकानदाराची उधार विक्रीही त्या वर्षाचेच उत्पन्न ठरते. पैसा हाती येवो न येवो, नफ्यावर कर द्यावाच लागतो. म्हणून मार्च उजाडताच उधारीची वही चाळावी. खरोखर बुडालेली बाकी ३१ मार्चपर्यंत बुडीत खाती लिहावी. तरच त्या वर्षाच्या उत्पन्नातून तिची वजावट मागता येते. हालखात्याच्या मिठाईची वाट पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो.