तारेचा अंगरखा

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी रंगमंचावरील दिव्यांसाठी आणलेली विजेची तार कारागिराने तोडली, तेव्हा तिचा खाली पडलेला बोटभर तुकडा आमच्या एका विद्यार्थ्याने उचलला. "सर, ह्यातले तांबे मधोमध नाही," तो म्हणाला. पाहतो तो खरेच! तांबे एका अंगास सरकलेले. प्लॅस्टिकचे आवरण एका बाजूस भरपूर, तर दुसऱ्या बाजूस त्याच्या निम्मेही नव्हे. बाहेरून मात्र तार अगदी गोल व तुकतुकीत. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. परंतु त्या मुलाच्या प्रश्नाने आम्हांस विज्ञानशिक्षकांकडे व नंतर पुस्तकांकडे जावे लागले. तेथे जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तारेवर आवरण चढविण्याची कृती दिवाळीत चकल्या पाडण्याहून फारशी निराळी नाही. प्लॅस्टिकचे दाणे तापलेल्या नळीत जातात, तेथील फिरता मळसूत्री दांडा त्यांना वितळवून पुढे रेटतो, आणि सोऱ्याच्या ताटलीसारख्या छिद्रातून तो रस बाहेर पडतो. फरक एवढाच की, त्याच छिद्राच्या मध्यातून तांब्याची तार धावत असते व रस तिच्याभोवती लपेटला जातो. मग ती पाण्याच्या लांब पन्हळीतून निवत निवत जाते आणि रिळावर गुंडाळली जाते. 1958 साली पुण्यात आरंभ झालेल्या फिनोलेक्सचे केबलचे कारखाने पिंपरीस, उर्से येथे व पुढे आमच्या गोव्यातही उभे राहिले, ते ह्याच विद्येच्या बळावर. बारीक तार मिनिटाला शेकडो मीटर वेगाने धावू शकते. इतक्या वेगात तांबे केसभर ढळले, तर ते डोळ्यांस कसे दिसावे?

पूर्वी ह्यास उपाय एकच होता. तार तयार झाली की टोकाचा तुकडा कापावयाचा आणि भिंगाखाली मोजावयाचा. दोष सापडेपर्यंत मैलभर तार बिघडून गेलेली असे. आणि तुकडा टोकाचा असल्यामुळे मधल्या भागाची साक्ष तो देत नसे.

दोषास एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. भारतीय मानकाचा दंडक असा की, आवरणाची सरासरी जाडी ठरलेल्या आकड्याहून कमी नसावी. शिवाय कोणत्याही एका जागी ती 0.1 मिलिमीटर अधिक त्या आकड्याचा दहावा हिस्सा, ह्याहून जास्त घटू नये. म्हणजे 1 मिलिमीटर जाडी ठरली असेल, तर 0.8 मिलिमीटरहून पातळ जागा कोठेही चालणार नाही. नुसती सरासरी पाहिली असती, तर आमचा तो तुकडाही कदाचित उत्तीर्ण झाला असता! वीज मात्र सरासरी पाहत नाही, ती पातळ जागा शोधते. निपाणीच्या बाजूस रात्री मोटार चालू करण्यासाठी ओल्या बांधावरून अनवाणी जाणारा शेतकरी ज्या तारेजवळून जातो, तिच्या आवरणाची उणी बाजू कोणती, हे त्याला कोण सांगणार?

न कापता आतले जाणण्याची एक युक्ती आमच्या कोंकणी घरांत जुनीच आहे. शहाळे विकणारा ते बोटाने टकटक वाजवितो आणि आतील मलई पातळ की जाड, ते सांगतो. कारखान्यातील यंत्रही ध्वनीलाच विचारते, पण ते घड्याळ लावून. विजापूरच्या सहलीत गोलघुमटाच्या सज्जात तुम्ही टाळी वाजविली असेल. समोरची भिंत सुमारे 38 मीटरांवर; हवेत ध्वनी सेकंदास सुमारे 340 मीटर जातो; म्हणून प्रतिध्वनी सुमारे 0.22 सेकंदाने परततो. उलट, हा वेळ मोजता आला, तर घुमटाची रुंदी टेप न लावता कळेल.

तारेच्या बाबतीत घुमट म्हणजे ते आवरण. पण एवढ्याशा जागेत आपली टाळी निरुपयोगी. सेकंदास हजार कंपनांच्या ध्वनीची एक लाट प्लॅस्टिकमध्ये सुमारे दोन मीटर लांब असते; तिला मिलिमीटरभर जाडी काय उमगणार! म्हणून सेकंदास कित्येक दशलक्ष कंपनांचा, मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी योजतात. एक कोटी कंपनांच्या ध्वनीची लाट प्लॅस्टिकमध्ये अवघी 0.2 मिलिमीटर भरते. असा ध्वनी काढणारे व ऐकणारे स्फटिक दाबविद्युत् गुणाचे असतात. तो गुण प्येर व झाक क्यूरी ह्या बंधूंनी 1880 मध्ये दाखविला.

स्फटिक पन्हळीतील पाण्यात बसवितात. मधे हवा असती, तर हा ध्वनी प्लॅस्टिकमध्ये जवळजवळ शिरलाच नसता. तार निवविण्यास ठेवलेले पाणी येथे आयतेच उपयोगी पडते. पहिला प्रतिध्वनी आवरणाच्या बाह्यांगावरून येतो, दुसरा आतील तांब्यावरून. दोहोंतील अंतर 2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाच लाखावा भाग, आणि प्लॅस्टिकमधील वेग सेकंदास 2000 मीटर असेल, तर ध्वनीची जा-ये 4 मिलिमीटर झाली. जाडी तिच्या निम्मी, 2 मिलिमीटर. एका स्फटिकास एकच बाजू कळते, म्हणून तारेभोवती चार किंवा आठ बसवितात. एकीकडे आकडा वाढला व समोर घटला, की तांबे ढळले असे समजून कारागीर तोंडाची छिद्रे पुन्हा जुळवितो, आणि तार धावतच राहते.

एक मेख मात्र आहे. गरम प्लॅस्टिकमध्ये ध्वनी मंदावतो. तो रेंगाळला की यंत्रास वाटते, वाट लांब आहे. आणि पातळ आवरण ते जाड म्हणून सांगते. चूक नेमकी घातक बाजूस! ह्यासाठी उष्णमानाचा हिशेब धरावा लागतो, आणि तुकडा कापून यंत्राचे आकडे पडताळावे लागतात. कात्री व भिंग अद्याप निवृत्त झालेली नाहीत, ती ह्यामुळेच.

संमेलनासाठी आम्ही दुसरी तार आणविली. तो तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटात काचेच्या बशीत ठेवला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनी मधल्या सुट्टीत भिंग मागून घ्यावे.