भाटघरचा दिवा आणि माझ्या घरचा हिशेब

उन्हाळ्यातलं विजेचं बिल हातात पडलं आणि आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. २९० युनिट! एरवी आमचा आकडा सव्वाशेच्या पुढं जात नाही. लेकीच्या सीईटीच्या अभ्यासासाठी म्हणून एसी बसवला आणि "आजच्या दिवस" म्हणता म्हणता सगळं घर त्याच खोलीत पथारी टाकायला लागलं. यजमान म्हणाले, "तुमचा फ्रिज, मिक्सर, गीझर." मी म्हटलं, "तुमचा एसी." लेक म्हणाली, "पृथ्वीच तापत चाललीय, त्याला कोण काय करणार?" सासूबाई मात्र पंख्याखाली वाती वळत गप्प बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात भोरला एक लग्न होतं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "येताना जमलं तर कांबऱ्याला जाऊ गं. पाणी उतरलं असेल. कांबरेश्वराचं दर्शन होईल."

कापूरहोळला उजवीकडे वळून भोरच्या वाटेला लागलं, की भाटघरचं धरण लागतं. वेळवंडी नदीवरची ही दीड किलोमीटरहून लांब दगडी भिंत १९२७-२८ च्या सुमारास पुरी झाली. आधीच्या गव्हर्नरच्या नावावरून ते लॉईड धरण. जलाशयाला आज आपल्या येसाजी कंकांचं नाव आहे. साठा साडेतेवीस टीएमसी. या पाण्यावर नीरेचे दोन कालवे चालतात. डावा बारामती-इंदापूरकडे, उजवा फलटण-माळशिरसकडे. तिकडचा ऊस, साखर कारखाने, त्यावर उभी राहिलेली शाळा-कॉलेजं, सुनांच्या अंगावरचं सोनं, या सगळ्याचं मूळ शोधत गेलात तर या खोऱ्यात येऊन पोचाल.

पाण्याखालचा उंबरठा

कांबऱ्याला पोचलो. पावसाळ्यात भरलं की हे देऊळ पाण्यात जातं आणि वैशाख-ज्येष्ठात पाणी हटलं की पुन्हा वर येतं. भेगाळलेल्या गाळातून सासूबाईंना हाताला धरून नेलं. दर्शन झाल्यावर त्या पलीकडच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझ्या आजीचं घर तिकडं होतं. पाणी येणार म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं जातं उचलून डोंगरावर नेलं. चूल नेता येत नाही ना, ती तिथंच राहिली."

मी म्हटलं, "पण आई, त्याच पाण्यावर वीजही होते ना?"

"होते ना. पण आजोळी दिवा आला, तेव्हा माझी पोरं शाळेत जात होती. तोवर मामी चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापायची."

खरं सांगते मैत्रिणींनो, बिलाचं भांडण मी तिथंच विसरले. आपण बटण दाबतो तेव्हा दिवा लागतो, एवढंच आपल्याला ठाऊक. त्यासाठी कुणाची चूल पाण्यात गेली, कुठं कोळसा जळतो, हे बिलावर कुठं लिहिलेलं असतं?

एक युनिट म्हणजे किती धूर?

घरी आल्यावर लेकीला बसवलं आणि किराण्याच्या वहीत एक नवं पान उघडलं. वर लिहिलं, 'धूर'.

हा धूर डोळ्याला दिसत नाही. तो म्हणजे कर्बवायू. कोळसा, पेट्रोल, गॅस काहीही जाळलं, की तो हवेत जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ या डोंगरावर १९५८ पासून त्याची मोजदाद चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. गोधडी जाड होत चालली आहे.

आता आमच्या वहीतला हिशेब. आपल्याकडे येणाऱ्या विजेत कोळशाची, पाण्याची, उन्हाची, वाऱ्याची सरमिसळ असते. सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू. म्हणजे २९० युनिटांचे २०३ किलो. गॅसचं एक सिलिंडर, १४.२ किलोचं, संपलं की ४२ किलोच्या आसपास. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, आमचं महिन्याचं ४० लिटर, म्हणून ९२. बेरीज ३३७ किलो! घरात माणसं चार. हाच वेग वर्षभर धरला, तर माणशी एक टन नुसत्या या तीन गोष्टींचा. घराचं सिमेंट, कपडे, धान्य, प्रवास वेगळाच.

लेक म्हणाली, "आई, पण भारताची सरासरी माणशी दोन टनांच्या आसपासच आहे. जगाची साडेचारच्या वर, अमेरिकेची चौदाच्या घरात. मग आपण कशाला लाजायचं?"

प्रश्न बिनतोड होता. शंभर-दीडशे वर्षं ज्यांनी कारखाने चालवून हवा भरली, त्यांनी आधी आवरावं, हे आपलं म्हणणं न्यायाचंच आहे. पण मग मला त्या मामीची चिमणी आठवली. देशाची सरासरी कमी आहे, ती आपल्या काटकसरीमुळे नव्हे, तर आजही लाखो घरांत फ्रिज नाही, एसी नाही, म्हणून. त्यांच्या गरिबीच्या पदराआड आपण लपायचं, हे काही बरं नाही.

मग भाटघरसारखी वीजच का नको?

साहजिक वाटतं, की पाण्यावर वीज करावी, कोळसा नको. भाटघरच्या पायथ्याशी १९७७ पासून वीजघर आहे. ताकद १६ मेगावॅट. पूर्ण ताकदीनं तासभर चाललं तर १६,००० युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या १६० घरांची महिन्याची सोय एका तासात! पण ते चालतं कधी, तर कालव्यांसाठी पाणी सोडतील तेव्हा. शेती आधी, वीज मागून. आणि चंद्रपूरचं कोळशावरचं केंद्र आहे २,९२० मेगावॅटचं, म्हणजे एकशे ऐंशीहून जास्त भाटघरं झाली. तेवढी खोरी बुडवायची कुठं? आणि कुणाची?

म्हणून आता नजर आहे उन्हाकडं नि वाऱ्याकडं. भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत सांगितलं, की २०७० पर्यंत आपण जेवढा कर्बवायू सोडू तेवढा शोषून घेऊ, म्हणजे जमाखर्च शून्यावर आणू. २०२५ च्या मध्याला देशातल्या वीजकेंद्रांच्या एकूण ताकदीपैकी निम्मी ताकद कोळसा, गॅस यांसारख्या इंधनांवाचून चालणारी झाली. पण ताकद निराळी आणि प्रत्यक्ष वीज निराळी. ऊन संध्याकाळी मावळतं, आणि नेमकं तेव्हाच आपण दिवे, टीव्ही, एसी लावतो. म्हणून तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून दोन तृतीयांशाहून जास्त आहे.

यावर एक तोड अकोले तालुक्यातल्या घाटघरला आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या तळ्यातलं पाणी पंपानं वर चढवायचं, गरज लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. माठात पाणी भरून ठेवावं तसंच हे. अशा सोयी वाढल्या, तर दिवसाचं ऊन रात्री वापरता येईल.

पुन्हा चुलीकडं? नाही!

कुणी म्हणेल, सुखसोयी सोडा, जुनं ते सोनं. ते मला मुळीच मान्य नाही. मिक्सरनं पाट्यावरची पाठदुखी घालवली, नळानं डोक्यावरचा हंडा उतरवला, गॅसनं डोळ्यांतलं पाणी थांबवलं. प्रगतीचा खरा फायदा कुणाला झाला असेल, तर तो बायकांना. ती थांबवा, असं निदान बाईनं तरी म्हणू नये. म्हणायचं ते एवढंच, की ती बिनधुराची हवी, आणि तिची किंमत पुन्हा एखाद्या आजीच्या चुलीनं चुकवायला नको. ज्यांच्या घरी आधी दिवा आला, त्यांनी आधी हात आवरावा.

आमच्या घरी काय ठरलं ते सांगते.

एसी २४ च्या खाली न्यायचा नाही. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. आम्ही २६ वर ठेवून जोडीला पंखा लावतो. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० ते ३५ वॅटचा. एकदम सगळे नाही, दर दिवाळीला एक बदलायचा. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवायचे, कुकर शिजायला कमी वेळ घेतो. आणि सोसायटीच्या सभेत छतावरच्या सौर विजेचा विषय काढायचा. स्वतःचं घर आणि छत असेल, तर २०२४ च्या केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. बँकेत ठेव ठेवताना करतो तशीच चौकशी करावी.

पुढचं बिल आलं १८० युनिटांचं. जग वाचलं असं मी म्हणत नाही. थोडी पावसाचीही मदत झाली! पण ११० युनिट कमी म्हणजे ७७ किलो धूर कमी. वहीत लिहिलं.

सासूबाईंना आकडा वाचून दाखवला. वात वळता वळता म्हणाल्या, "बरं झालं. आता पाऊस लागला. देऊळ पाण्यात गेलं असेल."

उठून त्यांनी स्वयंपाकघरातला रिकामा जळणारा दिवा मालवला.