सगळं धरून किती?

जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरात सुटी कधी घ्यायची हे कारखाना ठरवतो. दिवाळीत पोरं घरी असतात तेव्हा समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम तोंडावर आलेला असतो. एकदा बॉयलर पेटला की पाळ्या सुरू. गाळप संपून पट्टा पडतो तो थेट उन्हाळ्यात. मग ऊन मी म्हणत असताना कॉलनीत विषय निघतो, चार दिवस कुठं जायचं? मोबाईलवर थायलंड-मालदीवच्या जाहिराती येतच असतात : ‘ऑल इन्क्लुझिव्ह’. पासपोर्ट निम्म्या घरांत नसतो.

खरं तर ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ हा प्रकार आपल्याला नवा नाही. आचाऱ्याला, मांडववाल्याला आपण हेच विचारतो, ‘सगळं धरून किती?’ याच प्रश्नावर जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलोपटूनं १९५० साली स्पेनच्या माजोर्का बेटावर तंबू ठोकले. राहणं, जेवण, खेळ, सगळं एका रकमेत. ‘क्लब मेडिटरेनियन’ तिथून सुरू झाला.

आपल्याकडं हीच सोय हॉटेलच्या दरपत्रकात दोन-तीन इंग्रजी अक्षरांत लपलेली असते. ‘ईपी’ म्हणजे नुसती खोली. ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता. ‘एमएपी’त नाश्त्याबरोबर एक जेवण, बहुधा रात्रीचं. ‘एपी’त नाश्ता आणि दोन्ही जेवणं. फोनवर ‘पॅकेज आहे का?’ असं विचारलं की सगळेच ‘आहे’ म्हणतात. ‘एपी आहे का?’ विचारलं तर पलीकडचा माणूस जरा सावरून बोलतो.

माझं मत माथेरानच्या बाजूनं आहे. तिथं जेवणासकट खोली देण्याची पद्धत जुनी, आणि तिला कारणही आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढं सामान बहुधा हमालाच्या डोक्यावर नाही तर घोड्यावर. अशा गावात दर जेवणाला नवं हॉटेल शोधत कोण हिंडणार? दुपारी पोचलात की जेवण, संध्याकाळी चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळी नाश्ता. लहान पोरं रस्त्यावर मोकळी सोडता येतात. घोड्यांकडं लक्ष ठेवावं लागतं, तेवढंच. जालन्याहून जनशताब्दी किंवा वंदे भारत धरायची, कल्याणला उतरून लोकलनं नेरळ. तिथून १९०७ सालापासूनची छोटी गाडी. पावसाळ्यात ती नेरळवरून बंद असते, तेव्हा टॅक्सीनं दस्तुरी गाठावी. मे महिन्यात दर चढलेले असतात. शनिवार-रविवार टाळला तर खिशाला जरा सुसह्य.

दुसरी जागा कृषी पर्यटन केंद्राची. बारामतीकडं २००५च्या सुमारास हा प्रकार नीट उभा राहिला, २०२० मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी धोरणही आणलं. माणशी दर ठरलेला; त्यात नाश्ता, पिठलं-भाकरी, बैलगाडी, उसाचा रस. पुण्या-मुंबईच्या पोरांना मजा येते. आमच्या पोरांना पैसे भरून ऊस दाखवायचा म्हणजे कठीणच! हंगामात गेटाबाहेर बैलगाड्यांची रांग ती रोज बघतात. त्यांना पाणी हवं असतं, समुद्र नाही तर पोहण्याचा तलाव.

त्या तलावापायीच आम्ही एकदा फसलो. घाटावरचं एक रिसॉर्ट, ‘सगळं समाविष्ट’ असं ठळक छापलेलं. पोचल्यावर रूह अफजाचा पाणचट पेला हातात दिला, तो फुकट. मुलं तलावाकडं पळाली तर रखवालदारानं अडवलं. नायलॉनचा पोशाख सक्तीचा, सुती चड्डी चालणार नाही. पोशाख भाड्यानं, टोपी विकत. पाण्याची बाटली वेगळी. आजीसाठी जमिनीवर टाकलेल्या गादीचे पैसे वेगळे. निघताना बिलावर टॅक्स निराळा लावलेला. सही करताना माझा हात जड झाला.

टॅक्सचं मात्र आधी विचारून घ्यावंच. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. त्यावरच्या खोलीला १८ टक्के. मुलांचं वयही आधीच सांगावं. कुठं पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठं त्याआधीच अर्धा दर. कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय असते, तिथं ठरलेल्या दरात बहुतेक वेळा शाकाहारी जेवण धरलेलं असतं. सुरमईची थाळी मागितली की हिशेब बदलतो.

ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा, आगाऊ रक्कम त्यानंतर पाठवा. आणि फोन शक्यतो घरातल्या बाईला करू द्या. आम्ही पुरुष दर विचारून फोन ठेवतो. सासूबाईंना जिने चढावे लागतील का, धाकट्याला रात्री दहाला दूध मिळेल का, हे तीच विचारते.