किआंतीचे पांढरे रस्ते

दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला जगातले अव्वल सायकलपटू इटलीतल्या सिएना शहरात जमतात. त्यांच्या एकेका सायकलीची किंमत लाखांच्या घरात असते. वजन असं, की दोन बोटांवर उचलावी. या सायकली घेऊन ते उतरतात कशावर? तर खडी-मातीच्या रस्त्यांवर! शर्यतीचं नावच मुळी ‘स्त्रादे बिआंके’, म्हणजे पांढरे रस्ते. शर्यत संपते तोवर दात आणि डोळे सोडले तर खेळाडूच्या चेहऱ्यावर दुसरं काही ओळखू येत नाही. सगळं अंग धुळीनं माखलेलं असतं.

युरोपातल्या एका सधन प्रांतात, महागड्या वाईनच्या मळ्यांमधून जाणारे हे रस्ते अजून कच्चेच कसे राहिले, याची गोष्ट मोठी रंजक आहे. तिच्यात भूगर्भ आहे, अर्धेलीची शेती आहे आणि जुन्या सायकलींवर जीव टाकणारा एक माणूसही आहे.

सुरुवात दगडापासून करू. टस्कनीत फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्याला किआंती म्हणतात. द्राक्षमळे साधारण २५० ते ६०० मीटर उंचीवर, उतारांवर पसरलेले. इथल्या जमिनीत दोन दगड सतत भेटतात. ‘आल्बेरेसे’ हा फिकट रंगाचा कठीण चुनखडक, आणि ‘गालेस्त्रो’ हा पापुद्र्यांसारखा सुटणारा, हातानं चुरडता येणारा. अशा दगडाळ जमिनीत पाणी साचून राहत नाही. वेलीला मुळं खोल न्यावी लागतात, द्राक्षं बेताची लागतात, पण त्यांत रस कसदार उतरतो. रस्त्यालाही दगड इथलाच. चुनखडीची खडी पसरून दाबली, की तिचा बारीक चुरा फटींत बसतो, ओला होऊन वाळला की घट्ट धरतो आणि पांढुरका, टणक पृष्ठभाग तयार होतो. म्हणजे मळ्यात वेलीच्या मुळाशी जे असतं, तेच बाहेर तुमच्या चाकाखाली येतं.

सिएनाच्या आग्नेयेला गेलात की चित्र पालटतं. तिथे ‘क्रेते सेनेसी’ नावाचा चिकणमातीचा उघडाबोडका टेकड्यांचा मुलूख लागतो. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि ही माती म्हणजे त्याच्या तळाचा गाळ. पलीकडे मोंताल्चीनोजवळ २००७ साली एका द्राक्षमळ्याच्या जमिनीत चक्क देवमाशाचा जीवाश्म सापडला! ही माती कोरडी असताना दगडासारखी कडक असते आणि पाऊस पडला की चाकाला, चेनला, ब्रेकला चिकटून बसते. २०१० सालच्या ‘जिरो दितालिआ’ या इटलीच्या महाशर्यतीत मोंताल्चीनोला जाणाऱ्या टप्प्यावर नेमका पाऊस कोसळला. ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल एव्हान्सनं तो टप्पा जिंकला, तेव्हा त्याच्या अंगावरची विश्वविजेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी चिखलाखाली जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

आता प्रश्न असा, की एवढ्या आडरानात इतके रस्ते आले कुठून? टेकडीच्या माथ्यावर उभं राहून पाहिलं तर दर डोंगरसोंडेवर एक दगडी घर आणि दर घराकडे वळणं घेत जाणारी एक पांढरी वाट दिसते. याचं मूळ ‘मेझ्झाद्रीआ’ या जुन्या पद्धतीत आहे. ही आपल्याकडची अर्धेलीच. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मं-निम्मं. पण इथलं कूळ गावात राहत नसे. त्याचं सबंध कुटुंब त्याच तुकड्यावर बांधलेल्या घरात राही. धान्य, ऑलिव्ह, द्राक्षं, जनावरं, सगळं तिथेच. घर तिथे गाडीवाट हवीच. बैलगाडीला पेलेल असा चढ धरून, पाण्याच्या ओघळी टाळून, पिढ्यान् पिढ्या या वाटा आखल्या गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था कोसळली. तरुण मंडळी कारखान्यांच्या कामाला शहरांकडे गेली आणि १९६४ साली कायद्यानं नव्या अर्धेलीच्या करारांवर बंदी आली. डोंगरावरची घरं ओस पडली. ज्या रस्त्याच्या टोकाला कुणी राहतच नाही, त्याला डांबर घालणार कोण? बाकी इटली वेगानं पक्की होत असताना हा मुलूख मागे पडला आणि त्या मागे पडण्यामुळेच वाटा जशाच्या तशा राहिल्या. नंतर ओस घरं परदेशी लोकांनी आणि शहरी पैसेवाल्यांनी विकत घेतली. वाईनला भाव आला, पैसा आला, आणि त्यामागोमाग डांबरही येऊ लागलं.

ते थोपवायला पुढे आला जानकार्लो ब्रोच्ची. सायकलिंगच्या जुन्या काळावर त्याचा जीव. १९९७ साली गायोले या किआंतीतल्या छोट्या गावातून त्यानं ‘लेरोइका’ नावाची सफर काढली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. नियम मोठे गमतीचे. सायकल १९८७ पूर्वीची हवी, गिअर बदलायचे दांडे हँडलवर नव्हे तर चौकटीच्या तिरक्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या हव्यात, पॅडलला चामडी पट्ट्याच हव्यात. अंगात लोकरी जर्सी. वाटेतल्या थांब्यांवर एनर्जी जेलच्या पुड्या नाहीत. तिथे शिळ्या पावाचं आणि भाज्यांचं दाट ‘रिबोल्लीता’ सूप मिळतं आणि सोबत वाईन. दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, २०९ किलोमीटरच्या लांब मार्गावरचे लोक उजाडण्यापूर्वीच निघतात. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणारा सायप्रसच्या झाडांमधला पांढरा रस्ता त्या पहाटे दोन्ही बाजूंना दिवे लावून उजळलेला असतो. या हौशी सफरीतूनच २००७ साली ‘स्त्रादे बिआंके’ ही व्यावसायिक शर्यत जन्माला आली, आणि डांबराच्या वाटेवर असलेले हे रस्ते बघता बघता प्रांताची शान झाले.

या मुलखाची हद्दही, म्हणे, एका शर्यतीनंच ठरली! दंतकथा अशी: सीमेसाठी भांडणाऱ्या फ्लॉरेन्स आणि सिएनानं ठरवलं, की कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल; जिथे ते भेटतील, ती सीमा. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा निवडून त्याला खाऊपिऊ घातलं. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळ्या कोंबड्याला उपाशी ठेवलं. तो भुकेनं उजाडण्यापूर्वीच आरवला, त्यांचा स्वार आधी निघाला आणि जवळजवळ सगळं किआंती पदरात पाडून घेतलं. तो काळा कोंबडा आजही ‘किआंती क्लासिको’च्या बाटलीवर असतो. दंतकथा सोडली तरी हद्दीचा कागदोपत्री इतिहासही लहान नाही. टस्कनीचा सत्ताधीश तिसरा कोझिमो यानं १७१६ सालीच वाईनसाठी किआंतीची सीमा जाहीर केली होती. आणि ब्रोलिओच्या त्याच किल्ल्यात राहणाऱ्या बेत्तीनो रिकासोलीनं, जो एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान होता, १८७२ साली एका पत्रात किआंतीचा कस सांजोव्हेझे या द्राक्षात आहे, हे मांडून ठेवलं. आजच्या नियमानं किआंती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोव्हेझे लागतं.

आता सायकलीवर बसू. पांढरा रस्ता वरून एकसारखा वाटतो, पण जवळून पाहिला तर त्याचे पट्टे दिसतात. मोटारींची चाकं जिथून जातात तिथे दोन टणक पट्ट्या, मधे आणि दोन्ही कडांना सुटी खडी. रस्ता मधोमध किंचित उंच आणि कडेला उतरता, बाजूला चर. कारण कच्च्या रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे. ते मधे मुरलं की रस्ता गेलाच. जाणता स्वार टणक पट्टी धरतो आणि सुटी खडी ओलांडायची वेळ आली तर हँडल सैल सोडून सरळ ओलांडतो.

वळणाआधी आणि चढावर मात्र पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या भेटतात आणि हाडं खिळखिळी होतात. या वळ्या येतात कुठून? एखाद्या बारीक उंचवट्यावरून चाक उडतं, पडताना पुढची खडी ढकलतं, तिथे दुसरा उंचवटा होतो, मग तिसरा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शास्त्रज्ञांनी फिरत्या वाळूवर चाक चालवून पाहिलं. ठरावीक वेगाखाली वाळू सपाट राहते, त्या वेगावर गेलं की वळ्या आपोआप उमटतात. चाकाला स्प्रिंग असो वा नसो. थोडक्यात, या वळ्या म्हणजे मोटारींच्या घाईची सही.

टायरचं गणितही उफराटं. टायर जितका टणक तितका वेग जास्त, असं आपण धरून चालतो. गुळगुळीत डांबरावर ते बऱ्याच अंशी खरं. पण १०० पीएसआय हवेचा टायर खडीच्या प्रत्येक दाण्यावर चढतो, म्हणजे दर वेळी सायकल आणि स्वार असं सगळं वजन उचलतो. तुमच्या पायांची ताकद त्यात वाया जाते. ४० मिलिमीटर रुंद टायरमध्ये ३०–४० पीएसआय हवा ठेवली, तर खडा टायरच्या पोटात दबतो आणि सायकल पुढे जात राहते. चढावर उभं राहून पॅडल मारलं तर वजन पुढे जातं आणि मागचं चाक जागीच फिरतं. म्हणून हलका गिअर टाकून बसूनच चढायचं. उतारावर ब्रेक वळणाआधी, वळणात नाही.

या सगळ्याची परीक्षा ‘स्त्रादे बिआंके’तल्या ११.५ किलोमीटरच्या मोन्ते सान्ते मारीए या टप्प्यावर होते. चिकणमातीच्या टेकड्यांवरून तो सारखा चढतो-उतरतो. ही शर्यत तीनदा जिंकलेल्या फाबिआन कान्चेल्लाराचं नाव या टप्प्याला दिलं आहे. २०२४ साली स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार इथूनच सुटला आणि शेवटचे ८१ किलोमीटर एकटा पुढे राहून सिएनाच्या चौकात पोहोचला.

तुम्हाला पोगाचार व्हायचं नसेल तर काम सोपं आहे. लेरोइकाच्या मार्गावर कायमच्या पाट्या लावलेल्या आहेत, त्यामुळे तो वर्षभर कुणालाही चालवता येतो. मोटारी अगदीच नसतात असं नाही. पण धूळ आणि वळणं कुणाला हवीत? ज्याला तिकडे काम आहे तोच येतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा, जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा. टेकड्यांवर दुकानं विरळ, म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर क्रेतेची चिकणमाती सोडून किआंतीची चुनखडी धरा. आणि एखाद्या मळ्यापाशी मागून ट्रॅक्टर आला, तर बाजूला होऊन त्याला आधी जाऊ द्या. रस्ता अजूनही त्याच्याच कामाचा आहे.