बिल शून्य, पण विटेचा हिशेब?

दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली सुरू झालं. वर्षभर लागणारी वीज छतावरच्या ९३० किलोवॅटच्या सौर पॅनेलांतूनच मिळावी, अशा बेताने ते आखलेलं. याला म्हणतात शून्य ऊर्जेची इमारत. पण मीटर बसण्याआधीच सिमेंट, पोलाद, काच यांनी भरपूर ऊर्जा गिळलेली असते. ती बहुधा या शून्यात धरतच नाहीत!

सिमेंटची तर वेगळीच तऱ्हा. भट्टी साधारण १४५० अंशांवर धगधगते म्हणून सगळा दोष इंधनाला देतात. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून सुटतो. उद्या भट्टी उन्हावर चालवली तरी तो सुटणारच. चुना त्या मानाने सज्जन: भाजताना चुनखडीने सोडलेला बराचसा वायू तो भिंतीवर बसल्यावर सावकाश परत शोषून घेतो. (भट्टीतल्या लाकडा-कोळशाचा धूर मात्र परत येत नाही, तेवढी सूट त्याला देऊ नये.)

खिडकीची जुनी अ‍ॅल्युमिनियमची चौकट भंगारात देताय? भाव करा. ती वितळवून नवं अ‍ॅल्युमिनियम करायला खनिजापासून बनवण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते.

वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, असं २०१६ साली संशोधकांनी प्रसिद्ध केलं. चढली ती चढलीच, हजारभर वर्षं उतरली नाही! आज युरोपात याच झाडाच्या खोडाचा भुसा चुन्यात कालवून भिंती घालतात. वाढताना झाडाने हवेतून घेतलेला कार्बन भिंतीत मुक्कामाला.

सौर पॅनेल स्वतः बनताना लागलेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात दोनेक वर्षांत फेडतं. पुढची वीसेक वर्षं निव्वळ कमाई.

सिअ‍ॅटलच्या बुलिट सेंटर या इमारतीचा सांगाडा २५० वर्षांसाठी आखलाय, बाहेरचं आवरण ५० आणि यंत्रणा २५ वर्षांसाठी. आपल्याकडे इमारतीने तिशी ओलांडली की सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज सुरू, आणि मग ट्रकच्या ट्रक राडारोडा.

सगळ्यात कडक हिशेबनीस नॉर्वेचे. तिथल्या ‘पॉवरहाऊस’ इमारतींना साहित्य बनवण्यापासून पाडकामापर्यंतची सगळी ऊर्जा स्वतः कमवून फेडावी लागते. म्हणून सँडविकातलं १९८०च्या दशकातलं ऑफिस त्यांनी पाडलंच नाही. सांगाडा तसाच ठेवला आणि दर्शनी भागाच्या जुन्या काचा आत केबिनच्या पार्टिशनला लावल्या.