पावसाळी हिरवा आणि वक्ररेषेची करामत

पावसाळ्यात सह्याद्रीत शूट केलेलं फुटेज मोबाइलवर बघितलं की हिरवा रंग अगदी रेडियमसारखा चमकतो. मग आपण सॅच्युरेशन सरसकट उतरवतो आणि माणसांचे चेहरेही पांढरेफटक पडतात! इथे कामाला येतात ह्यू कर्व्हज, म्हणजे निवडलेल्या रंगछटेपुरताच बदल करणाऱ्या वक्ररेषा.

‘डाविंची रिझॉल्व्ह’ या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही त्या आहेत. कलर पेजवर कर्व्हज उघडा, ‘ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन’ निवडा. आडव्या रेषेवर सगळे रंग ओळीने पसरलेले दिसतील. आता व्ह्यूअरमधल्या गवतावर क्लिक करा. रेषेवर आपोआप तीन बिंदू येतात. कडेचे दोन बाकीच्या रंगांना जागेवर धरून ठेवतात, मधला खाली ओढला की फक्त तेवढाच रंग फिका होतो.

गंमत म्हणजे बिंदू बहुतेकदा शुद्ध हिरव्यावर पडतच नाहीत, पिवळ्याच्या बाजूला सरकलेले असतात. गवत-पानांचा रंग खरं तर पोपटीच असतो. म्हणून अंदाजाने हिरवा पकडणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. ‘ह्यू व्हर्सेस ह्यू’ने तोच पोपटी किंचित हिरव्याकडे ढकलला, तर माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

पिवळ्याच्या पुढे नारिंगीत त्वचेचे रंग सुरू होतात, त्यामुळे त्या बाजूचा बिंदू जपून. आणि उतार फार खडा नको. मोबाइलच्या ८-बिट व्हिडिओत प्रत्येक चॅनेलला जेमतेम २५६ पायऱ्या; जास्त ओढाताण केली की रंगांचे पट्टे आणि ठिपके दिसू लागतात. १०-बिटमध्ये १०२४ मिळतात, तिथे हात जरा सैल सोडायला हरकत नाही.